पाचव्या दिवसाच्या थाळ्या

पुणे,
८ नोव्हेंबर १९७६

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पद्मा पुण्यात चार वर्षं नेमकं काय करते, असं गावात कोणी विचारलं की तू ‘कारखान्यात आहे’ म्हणून मोकळी होतेस, हे वाचून आधी हसले आणि मग जरा रागावले. तर आता नीट सांगते. निदान तुला तरी ठाऊक असायला हवं. आई-दादा गेल्यावर मला शाळेत धाडणारी तूच.

जिवाणू म्हणजे डोळ्याला न दिसणारा जीव. दुधाचं दही करतो तोही जिवाणूच. माझा जिवाणू दह्यातला नाही, त्याच्या भाऊबंदातला समज. त्याला साखर दिली की तो ती एकदम गिळत नाही. एकाचं दुसरं, दुसऱ्याचं तिसरं असं करत बत्तीस पायऱ्यांनी पचवतो आणि त्यावर वाढतो. प्रत्येक पायरीला एक कारागीर लागतो. तो कारागीर कसा घडवायचा याचा नमुना जिवाणूच्या पोटात असतो, त्याला जीन म्हणतात. या बत्तीस पायऱ्या मी गणितात मांडल्या आहेत. एका पायरीचं गणित एका जाड कार्डावर, भोकं पाडून. कार्डांची ती चळत घेऊन मी दर गुरुवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथं एका संस्थेत संगणक आहे, आपल्या विहाराएवढ्या खोलीत भरलेली लोखंडी कपाटं. चळत त्याच्या हवाली केली की दुसऱ्या दिवशी तो कागदावर छापून देतो, हा जिवाणू किती वेगानं वाढेल ते. मग मी एक कार्ड काढून घेते. म्हणजे तो जीन कापून टाकला असं धरायचं. आणि पुन्हा विचारायचं, आता हा जगेल का?

सातवं कार्ड काढलं की संगणक म्हणतो, जगेल, पण पाचपट सावकाश वाढेल. साखर दुसऱ्या वाटेनं वळसा घालून जाईल.

आता भांडण ऐक. आमच्या मार्गदर्शकांना सगळे नुसतं सर म्हणतात. त्यांनी सहा वर्षांपूर्वी खऱ्या जिवाणूतून तो सातवा जीन कापला आणि ‘असा जिवाणू साखरेवर मरतो’ असं छापून आणलं. त्यावर त्यांचं नाव झालं. तो कापलेला जिवाणू आमच्याकडे अजून जपून ठेवलेला आहे. मी स्वतः थाळ्या लावून पाहिल्या. काचेच्या पसरट थाळीत साखरेचं पाणी खळीसारखं गोठवायचं, वर जिवाणू पसरायचा. वाढला तर पांढरे ठिपके दिसतात. एक ठिपका दिसला नाही. सर म्हणतात, गणित चुकलंय, प्रबंधातल्या तक्त्यात सातव्या ओळीत वाढीचा वेग शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा. दोन महिने मी चूक शोधते आहे. ती सापडत नाही. मग शून्य कुठल्या तोंडानं लिहू?

मार्चअखेर प्रबंधावर सरांची सही झाली नाही तर शिष्यवृत्ती संपते आणि मी पदवीविना घरी येते. तरीही मला न पटलेलं शून्य मी लिहिणार नाही, हे तुला आताच सांगून ठेवते.

गावात दूध केंद्र निघालं म्हणे. तुझी पायपीट वाचली असेल. दोन्ही म्हशी कशा आहेत?

तुझी,
पद्मा


गाव, ता. कळमनुरी, जि. परभणी
२० नोव्हेंबर १९७६

चि. पद्मास,
आत्याचा आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा कळलं. राग याचा की हे सांगायला तुला चार वर्षं लागली. तू पहिलीत असताना तुझ्याच पाटीवर तुझ्याबरोबर अक्षरं गिरवणारी बाई मी. मला समजणार नाही असं तू कोणाला विचारून ठरवलंस?

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. तुझं मशीन म्हणतं पाचपट सावकाश. मग त्या थाळ्या तुम्ही ठेवता किती वेळ?

तू हसशील, पण ऐक. थंडीच्या दिवसांत रात्री विरजण लावलं की सकाळी दूध तसंच पातळ असतं. शेजारच्या मोतीबाईची सून नवी आहे. परवा गाडगं घेऊन आली आणि म्हणाली, “आत्याबाई, दही लागलंच न्हाई. देऊ का ओतून?” मी म्हटलं, “ओततीस काहून? घोंगडं गुंडाळ अन् चुलीच्या उबेला ठेव.” दुपार कलली तेव्हा सुरी लावावी इतकं घट्ट दही लागलं होतं. विरजण मेलेलं नव्हतं, त्याला उशीर होत होता इतकंच. तुमच्या थाळ्या सकाळीच ओतून देणारी कोणी नवी सून तिथं आहे का, ते आधी बघ.

तुझे सर मोठे असतील. पण मेलं म्हणायला माणसानं थोडं थांबावं लागतं.

म्हशी बऱ्या आहेत. धाकटी व्यायली, पारडी झाली. केंद्राचं विचारलंस, ते चाललंय आपलं. थंडी फार आहे, कानाला रुमाल बांधून फिर.

तुझी आत्या,
जिवनबाई


पुणे,
१८ डिसेंबर १९७६

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

नवी सून सापडली. तिचं नाव लखमा, वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या.

आमच्याकडे काचेच्या थाळ्या कमी आहेत. म्हणून लखमा दर बुधवारी आणि शनिवारी सगळ्या थाळ्या गोळा करतो, उकळतो, धुतो आणि पुन्हा वापरायला देतो. फार वर्षांची पद्धत आहे. थाळी सोमवारी लागो की गुरुवारी, दोन दिवसांत ती धुण्याच्या बादलीत जायची. धडधाकट जिवाणू एका दिवसात डोळ्याला दिसतो, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. पाचपट सावकाश वाढणाऱ्याला पाच दिवस लागतात, आणि पाच दिवसांची थाळी आमच्या प्रयोगशाळेत आजवर कोणी पाहिलेलीच नाही. मीही नाही. दोन महिने मी गणितात चूक शोधत होते आणि चूक बादलीत होती. माझी मलाच लाज वाटली.

लखमा नांदेडकडचा. त्याला म्हटलं, या सहा थाळ्या धुवू नका. तो म्हणाला, “बाई, सर इचारतील ह्या काहून ठिवल्या, तर म्या काय सांगू?” मी म्हटलं, सांगा पद्माबाईनं ठेवायला लावल्या. त्यानं मान हलवली आणि पत्र्याचा एक झाकणाचा डबा आणून दिला. आत ओला कापूस ठेवला, नाहीतर इतक्या दिवसांत थाळ्या सुकून गेल्या असत्या. डबा उबेच्या कपाटात सरकवला आणि मी पाच दिवस त्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. टाकलं असतं तर दर तासाला झाकण उघडलं असतं.

पाचव्या दिवशी ठिपके आले होते. मोहरीहून बारीक, पण मोजता येण्यासारखे. ते उचलून तपासले. सातव्या पायरीचं काम त्यांच्यात अजिबात होत नव्हतं. म्हणजे जीन कापलेला तो कापलेलाच, आणि तरी हा गडी वाढतोय. मी एकटीच मोठ्यानं हसले.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, बाहेरचे काही जंतू मिसळले असतील, निष्काळजीपणा झाला असेल. मी पुन्हा लावल्या. पुन्हा ठिपके आले, आणि ते पुन्हा तेच म्हणाले. मार्चपर्यंत वेळ आहे, बघते काय करता येतं ते. बाकी सगळं ठीक आहे.

विरजणाबद्दल तुझे पाय धरते.

तुझी,
पद्मा


गाव,
२ जानेवारी १९७७

चि. पद्मास,
आशीर्वाद.

दही लागलं हे वाचून आनंद झाला. मोतीबाईच्या सुनेला पत्र वाचून दाखवलं. तिला वाटतंय की पुण्याच्या कॉलेजात तिचं नाव निघालं.

पण तुझ्या पत्राचा शेवट मला आवडला नाही. तू काहीतरी गिळलंस. ‘निष्काळजीपणा झाला असेल’ म्हणाले, असं लिहितेस. कोणाचा निष्काळजीपणा? तू दुसऱ्यांदा लावल्यावर तेच म्हणाले, म्हणजे ते थाळीबद्दल बोलत नाहीत, तुझ्याबद्दल बोलताहेत. तुझ्या हातांबद्दल काही म्हणाले का? मला खरं ते लिही. मी हे शब्द ओळखते, कारण दिवाळीपासून तेच ऐकून राहिले.

तुला कळवलं नव्हतं. केंद्राचे सचिव व्यंकटराव. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपल्या घरांसाठी एक बारकी कॅन वेगळी काढली. मी विचारलं काहून, तर म्हणाले, “जिवनबाई, तुमच्या दुधानं समदी कॅन नासती. हात सोच्छ नसत्यात, दुसरं काय.” मी त्यांच्यापुढं दोन्ही हात उलटे-सुलटे करून दाखवले. ते दुसरीकडं बघू लागले.

मग महिन्याभरानं दूध खात्याचे एक साहेब तपासणीला आले. परमुलखातले, गावात कोणाला ओळखत नव्हते. मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, “साहेब, सोळा घरचे सोळा लोटे घ्या. कोणाचा कोणता ते तुमाला सांगू नये. लोट्याला रंगीत दोरे बांधा अन् दोऱ्यांची यादी मास्तरांच्या खिशात राहू द्या. मंग उकळा.” नासकं दूध उकळलं की फाटतं, ते लपत नाही. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी लगेच स्टोव्ह पेटवला. सोळांतले तीन लोटे फाटले. मास्तरांनी यादी काढली, तर तिन्हींत माझा हिरवा दोरा नव्हता. लाल दोरा होता. तो व्यंकटरावांच्याच घरचा. लोक इतके हसले की बांधलेली जनावरं दावं ताणू लागली.

तेव्हा माझं ऐक. तू पुन्हा पुन्हा लावू नकोस. तू शंभरदा लावल्यास तरी ते शंभरदा तेच म्हणतील. नाचता येईना अंगण वाकडं. ज्याला तुझ्या हातांचा संशय आहे त्याच्याच हातात थाळी दे, आणि कोणती कोणाची ते त्याला कळू देऊ नकोस.

पारडी उड्या मारून राहिली. माझं बरं आहे.

तुझी आत्या,
जिवनबाई


पुणे,
९ फेब्रुवारी १९७७

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

तू ओळखलंस. सर म्हणाले होते, “पद्माबाई, यात तुमचा दोष नाही. घरच्या सवयी असतात. स्वच्छतेचं वळण लहानपणीच लागावं लागतं.” सगळ्यांसमोर, हसून, अगदी मायेच्या आवाजात. मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिताना ते मला पुन्हा ऐकावं लागलं असतं. आणि तूही मला कॅनचं लिहिलं नव्हतंस. आपण दोघी एकमेकींना बरं आहे, बरं आहे म्हणत होतो. फिटंफाट झाली.

शुक्रवारी आमची बैठक असते. सगळे जमले तेव्हा मी उठले आणि म्हणाले, “सर, माझ्या हातांचा संशय आहे ना, मग तुमच्या हातांनी लावा. नऊ कुप्या देते. तिनांत धडधाकट जिवाणू, तिनांत सातवा जीन कापलेला, तीन नुसत्या पाण्याच्या. वर फक्त आकडे असतील. कोणत्या आकड्यात काय ते लखमाच्या खिशातल्या चिठ्ठीत. पाच दिवस कपाटाची किल्लीही तुमच्याकडेच.” नाही म्हटलं तर आपण घाबरलो असं दिसेल, हे सरांना कळलं. त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या.

हात त्यांचा सुंदर चालतो, हे मान्य करायला हवं. नऊ थाळ्या त्यांनी अर्ध्या तासात लावल्या आणि कपाटाला कुलूप घातलं.

पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर कुलूप निघालं. तीन थाळ्या गच्च भरल्या होत्या. तिनांवर मोहरीहून बारीक ठिपके होते. तीन कोऱ्या. लखमानं चिठ्ठी काढून वाचली. कोऱ्या होत्या त्या पाण्याच्या, बारीक ठिपके होते ते कापलेल्या जिवाणूचे. बाहेरचं काही मिसळलं असतं तर पाण्याच्या थाळ्यांतही उगवलं असतं. वाढीचा वेग काढला तर संगणकाच्या आकड्याला जवळजवळ जाऊन भिडला. सर बराच वेळ थाळ्या उजेडाकडे धरून पाहत होते. मग म्हणाले, “ठीक आहे. शून्य नको. हा आकडा घाला.”

आत्या, मी त्या दिवशी दोन वेळा जेवले.

पण गोष्ट इथं संपली नाही. प्रबंधात तक्ता घातला आणि त्याखाली मी एक वाक्य लिहिलं: ‘या थाळ्या मार्गदर्शकांनी स्वतः लावल्या असून संशोधिकेचा हात त्यांना लागलेला नाही.’ सरांनी त्यावर लाल पेन्सिल ओढली. म्हणाले, हे काढा, वाचणाऱ्याचा काय समज होईल? मी म्हटलं, जे झालं तेच समजेल. ते म्हणाले, वाक्य असेल तर सही नाही.

मी खोडणार नाही. ते वाक्य मी त्यांच्या डोळ्यांसमोर कायमचं ठेवणार. पदवी गेली तर जाऊ दे. तुझ्या हिरव्या दोऱ्याची मी भाची आहे.

तुझी,
पद्मा


वारंगा फाटा,
२० फेब्रुवारी १९७७

चि. पद्मास,
आशीर्वाद.

वर गावाऐवजी फाट्याचं नाव का, असं तुला वाटलं असेल. सांगते. आधी माझी चूक सांगायला हवी.

लोट्यांची गोष्ट मी तुला अर्धीच लिहिली होती. तुला बळ यावं म्हणून जिंकल्याचं लिहिलं आणि पुढचं ठेवून दिलं. साहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चरवी घेऊन केंद्रावर गेले, तर ती बारकी कॅन तिथंच, तशीच वेगळी. मी व्यंकटरावांना विचारलं, आता काय? ते म्हणाले, “दूध चांगलं हाय तुमचं. म्या कुठं न्हाई म्हन्लो? पन तुमचं हाय म्हनल्यावर लोकाईला चालत न्हाई. उगं तकलीफ घेऊ नका, वतून टाका बारक्या कॅनमंदी.”

मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं. जिंकला तो हिरवा दोरा. जिवनबाई जिंकलीच नाही. नाव लपवून चांगली ठरले, नाव सांगितलं की पुन्हा होते तिथंच. मीच दोरे बांधायला सांगितले होते. आपलं नाव आपल्याच हातानं झाकलं, आणि वर लोक हसले म्हणून खूश झाले. दुधाची तहान ताकावर भागवली.

ते दूध मी बारक्या कॅनमध्ये ओतलं नाही. परत घरी आणलं, विरजण लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध-दही डोक्यावर घेऊन रोज फाट्यावर येऊन राहिले. येताना दीड तास लागतो. लिंबाखाली दोन बाजा टाकल्या आणि पत्र्यावर पाटी रंगवून घेतली. वर जयभीम, खाली ‘जिवनबाईचं दूध-दही’. रंगारी म्हणाला, “बाई, नुसतं ‘ताजं दूध’ लिहू का? गिऱ्हाईक जास्त येईल.” मी म्हटलं, “सांगितलं तेच लिही, अन् अक्षर मोठं काढ.” चार दिवस कोणी बसलं नाही. पाचव्या दिवशी नांदेडचा एक सरदारजी ट्रक थांबवून म्हणाला, “बाई, दही गाढ़ा है ना?” आणि दोन वाडगे खाऊन गेला. आता रोज गाडगी रिकामी होतात. पाटी वाचून पुढं जाणारेही आहेत. जाऊ देत. जो बसतो तो वाचून बसतो.

आणि हे बघ, तुझा जिवाणू वळसा घालून जगला तशी आत्याही जगली, असलं काही मला लिहू नकोस. त्याला कापलं होतं. मी उठून आले.

आता तुझं वाक्य. ‘संशोधिकेचा हात त्यांना लागलेला नाही.’ बाई, हे तू अभिमानानं लिहिलंस? तुझा हात लागला नाही म्हणून थाळी खरी, असाच त्याचा अर्थ होतो. व्यंकटराव दुसरं काय म्हणतो? सरांना ते वाक्य टोचतं म्हणून तुला गोड लागतंय. पण उद्या सर नसतील, तू नसशील, पुस्तक राहील. त्यात वाचणाऱ्याला काय दिसेल? एका मुलीचा हात लागला नाही म्हणून काम चोख झालं.

ते वाक्य खोड. सर सांगतात म्हणून नाही, मी सांगते म्हणून. दोऱ्यांची युक्ती मीच तुला शिकवली, म्हणून ती मोडायलाही मीच सांगणार. नऊ थाळ्या पुन्हा लाव, स्वतःच्या हातानं, सगळ्यांच्या देखत. आणि त्यावर नाव लिही.

तुझी आत्या,
जिवनबाई


पुणे,
२६ मार्च १९७७

प्रिय आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रावर चार दिवस रागावले होते. मी लढतेय आणि आत्या म्हणते खोड. पाचव्या दिवशी प्रबंध उघडला आणि ते वाक्य परक्याचं असल्यासारखं वाचलं. तू म्हणालीस तेच त्यात लिहिलेलं होतं, शाईनं, माझ्या अक्षरात. मी ते खोडलं.

मग शुक्रवारच्या बैठकीत सांगितलं की नऊ थाळ्या मी लावणार आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. सगळे आले. सरही आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. बेसिनवर हात धुताना माझ्या मनात आलं की आज दोनदा धुवावेत, कोणी बोट ठेवायला नको. साबण पुन्हा उचललाही होता. तो खाली ठेवला. बाकीचे जेवढे धुतात तेवढेच धुतले आणि कामाला लागले. प्रत्येक थाळीवर आकड्याखाली पूर्ण नाव लिहिलं, पद्मा सटवाजी पाईकराव. काचेवर मावेना म्हणून दोन ओळी कराव्या लागल्या.

पाचव्या दिवशी मोजलं. पाण्याच्या थाळ्या कोऱ्या. कापलेल्या जिवाणूचे ठिपके सरांच्या थाळ्यांत सरासरी एकाहत्तर होते, माझ्यात त्र्याहत्तर. वाढीचा वेग तोच.

रात्री बसून तक्ता नव्यानं लिहिला. दोन रकाने केले, ज्याच्या हातचं त्याचं नाव वर. शेरा नाही, टीप नाही. काल तो घेऊन सरांच्या खोलीत गेले. शिष्यवृत्तीचे सहा दिवस उरले होते, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

त्यांनी तक्ता बराच वेळ वाचला. म्हणाले, “वाक्य काढलंत, चांगलं केलंत. पण दोन रकाने कशाला? आकडे सारखेच आहेत. माझा रकाना पुरे. वाचणाऱ्याला तो जास्त विश्वासाचा वाटेल.”

मी म्हटलं, “सर, प्रबंध माझा आहे. एकच रकाना ठेवायचा असेल तर माझा राहील.”

त्यांनी तक्ता पुन्हा पुढं ओढला. सहा वर्षांपूर्वीचं आपलं शून्य आपल्याच हातानं खोडल्याचा पुरावा त्यांच्यापाशी तेवढाच होता, तो एक रकाना. तो गेला असता तर त्यांना खोटं ठरवणारी मी एकटी उरले असते. हा हिशेब त्यांनी माझ्यादेखत केला. मग पेनचं टोपण काढलं आणि सही केली. अभिनंदन केलं नाही. मी थांबलेही नाही.

प्रबंध आज दुपारी जमा झाला. पावती माझ्यापुढं आहे. पदवीला अजून परीक्षक आहेत, तोंडी परीक्षा आहे. ते काय म्हणायचं ते म्हणोत, ज्याला शंका असेल त्याच्यापुढं मी पुन्हा नऊ थाळ्या लावीन.

सातव्या ओळीत शून्य नाही. दोन्ही रकाने आहेत. पहिला माझा आहे.

तुझी,
पद्मा